खरा कागद : एका नव्या फौजदाराच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू भाषकांच्या वस्तीत वाढलेली, विडी कामगार आईची मुलगी पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवडली गेली आहे आणि लवकरच नाशिकच्या अकादमीत प्रशिक्षणासाठी जाणार आहे. ती लिहिते की, आमच्या गल्लीत आजही पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये असेच म्हणतात. मग या खात्यात प्रामाणिक राहता येते का, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून एकटा अधिकारी नेमके काय करू शकतो?

प्रामाणिक राहता येते. मी सोलापूर शहरात आणि ग्रामीण भागात दोन्हीकडे नोकरी केली आहे आणि तसे राहिलेली माणसे शिपाई, हवालदार आणि अधिकारी अशा सर्व पदांवर पाहिली आहेत. मात्र प्रामाणिकपणा म्हणजे लाच न घेणे एवढाच अर्थ तुमच्या मनात असेल, तर तो अपुरा आहे. लाच घेऊ नये हे तुम्हाला सांगायला कोणा निवृत्त अधिकाऱ्याची गरज नाही, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही. एका पैशालाही न शिवणारा अधिकारी आयुष्यभर खोटे कागद रंगवू शकतो आणि निवृत्तीच्या दिवशी स्वच्छ माणूस म्हणून हार घालून घेऊ शकतो. माझ्या मते पोलिसाच्या नीतीची खरी परीक्षा त्याच्या कागदावर होते, म्हणजे फिर्याद, स्टेशन डायरी, पंचनामा आणि जबाब यांवर. घटना घडली तेव्हा दंडाधिकारी तिथे नव्हते, सरकारी वकील नव्हते, बचावाचा वकीलही नव्हता. या सगळ्यांना ती घटना तुम्ही लिहिलेल्या कागदातूनच दिसणार असते, आणि तो कागद वाकडा असेल तर पुढची सगळी यंत्रणा कितीही सरळ असली तरी न्याय वाकडाच होतो.

तुमच्याच भागातले एक उदाहरण सांगतो. पन्नाशीच्या एक विडी कामगार बाई ठाण्यात आल्या होत्या. मातृभाषा तेलुगू, मराठी कामापुरती. त्या ठाणे अंमलदारासमोर उभ्या राहून "गाडी न्हेला साहेब, पोराला मारला" एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्याने विचारले, "पैशावरून भांडण झालं का?" बाई म्हणाल्या, "हो." "शिव्या दिल्या का?" "हो." मग त्याच्या हाताला वळण पडलेली वाक्ये कागदावर उतरली : अर्जदार व गैरअर्जदार यांच्यात पैशाच्या देवाणघेवाणीवरून बोलाचाली होऊन गैरअर्जदाराने शिवीगाळ व दमदाटी केली. अदखलपात्र नोंद झाली, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकत नाहीत असा गुन्हा ठरला, आणि बाईंनी सहीसाठी हात पुढे केला. त्याच वेळी तेलुगू बोलणारी एक महिला शिपाई ड्यूटीवर आली. तिला मी तो मजकूर बाईंना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला सांगितला. पहिल्या वाक्यापासूनच बाईंची मान नकारार्थी हलू लागली, आणि अर्ध्या तासात वेगळीच हकीकत समोर आली. नवऱ्याच्या आजारपणासाठी महिना दहा टक्के व्याजाने घेतलेले पैसे, त्यापोटी सही करून घेतलेले कोरे चेक, दोन वर्षे व्याज भरूनही जशीच्या तशी राहिलेली मुद्दल, आणि त्या दिवशी सकाळी दोघांनी घरात शिरून मुलाला काठीने मारून ओढत नेलेली दुचाकी.

पहिल्या कागदात धादांत खोटा असा एकही शब्द नव्हता. पैशाची देवाणघेवाण झाली होती, बोलाचाली झाली होती, शिव्याही दिल्या होत्या. तरीही तो कागद खोटा होता, कारण त्यातून विनापरवाना सावकारी, घरात घुसून केलेली मारहाण आणि जबरदस्तीने नेलेली गाडी हे सगळे गळून गेले होते. हे गळणे कोणाच्या पथ्यावर पडले ते तुम्हीच पाहा. खात्यातला बहुतेक अन्याय असाच होतो. त्यात खलनायक नसतो. घाई असते, ठरलेली वाक्ये असतात, आणि समोरच्या माणसाची भाषा आपली नसते. फिर्याद तोंडी दिली तर ती लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखवावी आणि मगच सही घ्यावी, असा कायदा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. प्रत विनामूल्य द्यायची असते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच पेठेत नांदतात, त्यामुळे इथे 'वाचून दाखवणे' या दोन शब्दांचे पालन करायचे तर ठाण्यात त्या त्या भाषेचे माणूस हवे. तुम्हाला तेलुगू येते. ही तुमची या शहरातील सर्वांत मोठी पात्रता आहे, आणि ती निवड यादीत कुठेही लिहिलेली नसेल.

दखलपात्र गुन्हा अदखलपात्र म्हणून का नोंदवला जातो, हे स्पष्टपणे सांगायला हवे. दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत प्रत्येक ठाण्याचे आकडे मांडले जातात. दाखल गुन्हे वाढले तर प्रभारी अधिकाऱ्याला जाब विचारला जातो, वर्तमानपत्रात गुन्हेगारी वाढल्याची बातमी येते, आणि विधिमंडळात प्रश्न लागतो. म्हणजे खरी नोंद करणाऱ्याला शिक्षा आणि गुन्हा दडपणाऱ्याला शाबासकी अशी उलटी रचना होते. गुन्हा असा दडपण्याला आपल्या खात्यात बर्किंग म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवणे बंधनकारक ठरवले. नव्या कायद्यात तीन वर्षांपासून सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. ही मुभा शंकास्पद प्रकरण तपासण्यासाठी आहे. टाळाटाळ करण्यासाठी ती वापरली जाताना दिसली तर अधिकारी म्हणून तुम्ही ती थांबवली पाहिजे. या ठिकाणी समाजाचीही एक जबाबदारी आहे. आपल्या ठाण्यात गुन्हे जास्त दाखल झाले म्हणजे गुन्हेगारी वाढली असा अर्थ लगेच काढणे नागरिकांनी आणि पत्रकारांनी सोडले, तर खरी नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला बळ मिळेल.

आता पंचनामा. पंच म्हणून कोणी यायला तयार नसते, कारण पुढे कोर्टाच्या चकरा असतात, दिवसाची मजुरी बुडते आणि आरोपीच्या नातेवाइकांचे वैर पत्करावे लागते. मग ठाण्याजवळच्या टपरीवर बसणारे तेच दोघे पुन्हा पुन्हा पंच होतात, आणि उलटतपासणीत वकिलाने "आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?" असे विचारले की खटल्याचा कणा मोडतो. याहून वाईट प्रकार निवेदन पंचनाम्याचा, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू जप्त केल्याच्या कागदाचा. आरोपीने दाखवलेल्या जागेतून मुद्देमाल मिळाला तर त्याच्या निवेदनातला तेवढा भाग पुराव्यात येतो, हे साऱ्या तपासी अंमलदारांना पाठ असते. त्यामुळे आधीच सापडलेली वस्तू आरोपीने 'स्वखुशीने काढून दिली' असे लिहिण्याचा मोह होतो, आणि आरोपी खरा गुन्हेगार आहे अशी खात्री असली की तो मोह पुण्यकर्म वाटू लागतो. हे करू नका. खऱ्या गुन्हेगाराविरुद्ध तयार केलेला खोटा पंचनामा पुढे निरपराध माणसाविरुद्धही तितक्याच सराईतपणे तयार होतो, कारण हाताला एकदा सवय लागली की समोर कोण आहे हे हात पाहत नाही. नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे केले आहे. याकडे अनेक जुने सहकारी कटकट म्हणून पाहतात. मला मात्र ते प्रामाणिक तपासी अंमलदाराला मिळालेले संरक्षण वाटते.

यानंतरचा विषय मारहाणीचा, आणि इथे मला समाजाशी थेट बोलायचे आहे. ज्या लोकांना पोलिसांच्या क्रौर्याबद्दल चीड आहे, त्यांतलेच कित्येक जण आपल्या घरी चोरी झाली की ठाण्यात येऊन म्हणतात, "साहेब, मोलकरणीला जरा दम द्या, दोन ठेवून दिल्या की बोलेल." डॉक्टर म्हणाले आहेत, प्राध्यापक म्हणाले आहेत, देवळाचे विश्वस्त म्हणाले आहेत. मुलगी पळून गेली की मुलाच्या बापाला उचलून आणा, उधारी थकली की त्याला ठाण्यात बसवून ठेवा, ही मागणी गुंडांची नसते, प्रतिष्ठितांची असते. पोलीस आणि समाज यांच्यातला हा न लिहिलेला करार आहे : बेकायदा काम तुम्ही करा, फळ आम्ही खाऊ, आणि बोभाटा झाला तर दोष तुमचा. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात ग्राह्य नाही हे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. म्हणजे आपल्यावर राज्य करणाऱ्या परक्या सरकारलाही स्वतःच्या पोलिसांच्या कबुलीजबाबावर भरवसा नव्हता. मारून मिळते ती फक्त कबुली, आणि कबुलीला कोर्टात किंमत नाही. तपास मात्र तिथेच थांबतो, कारण कबुली मिळाली की बोटांचे ठसे, मोबाईलचे तपशील, शेजाऱ्यांचे जबाब यांच्या मागे लागण्याची कोणाला निकड राहत नाही. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी हे नियम घालून दिले, २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे लावण्यास सांगितले. तुमच्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे की नाही हे रोज पाहा, आणि बंद असेल तर तशी डायरीला नोंद घ्या.

सोलापुरात या विषयाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे सेटलमेंट नावाची वस्ती आहे. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राजवटीत पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणाच्या आत ठेवून हजेरी घेतली जात असे, आणि त्या व्यवस्थेचे एक मोठे केंद्र सोलापूर होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. कुंपण गेले, ठाण्यातल्या वहीतून मात्र ते सहजासहजी गेले नाही. घरफोडी झाली की पहाटे पारधी वस्तीवर छापा टाकायचा, हाती लागतील त्या पुरुषांना आणायचे आणि त्यांच्यातून आरोपी शोधायचा, ही पद्धत मी नोकरीत पाहिली आहे. त्यात बायका आरडाओरडा करतात, लहान मुले अंगावरच्या कपड्यांनिशी उसाच्या फडात पळतात, आणि ज्या मुलाने ते पाहिले त्याला पुढे शाळेत पोलीस दादा-ताई आपले मित्र आहेत असे सांगून काही उपयोग नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदाबाबत निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये असेही पोलिसांना बजावले. एखाद्या माणसावर संशय घ्यायला त्याचे कृत्य हवे. त्याचे आडनाव, त्याची वस्ती किंवा त्याच्या आजोबाची हजेरी हा आधार होऊ शकत नाही. संशयाचे कारण कागदावर लिहायला बसलात आणि जातीखेरीज काही लिहिता येत नसेल, तर त्या माणसाला आणू नका.

याच जिल्ह्यात उलट उदाहरणही घडले आहे. हातभट्टीच्या दारूसाठी मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणांवर वर्षानुवर्षे छापे पडत, रसायन ओतून दिले जाई, गुन्हे दाखल होत, आणि थोड्याच दिवसांत भट्टी पुन्हा पेटत असे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले. अशी गावे आणि तांडे एकेका अधिकाऱ्याकडे सोपवले गेले, छापे चालूच राहिले, परंतु त्याच अधिकाऱ्याने घरोघरी बसून समुपदेशन करायचे आणि त्या कुटुंबाला दुसरा रोजगार मिळवून देण्यासाठी धडपड करायची असे ठरले. मला या मोहिमेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, पोलिसांना त्या घरांची माहिती नव्याने लिहावी लागली : कोण किती शिकले आहे, कोणाला शिवणकाम येते, कोणावर कर्ज आहे. जो माणूस आजवर फक्त आरोपीच्या रकान्यात होता, तो दुसऱ्या रकान्यात आला. अशी कामे अधिकारी बदलला की थंडावतात, ही त्यांची मर्यादा आहे, आणि ती व्यक्तीची नसून खात्याची उणीव आहे.

लोक पोलिसांना परके का मानतात, याचे एक उत्तर आपल्या शहराच्या इतिहासात आहे. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले, ८ मे रोजी गोळीबार झाला, जमावाने चौकी आणि न्यायालय जाळले, त्यात पोलीस मारले गेले, आणि काही दिवस सरकारी अंमल शहरातून उठला. त्या दिवसांत स्वयंसेवकांनी रहदारी आणि व्यवस्था सांभाळली. मग मार्शल लॉ आला, आणि पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. सोलापूरकरांनी त्या खटल्याला न्याय म्हणून कधीच मानले नाही. चौघांचे पुतळे भर चौकात आहेत. मारले गेलेले शिपाईही इथल्याच मातीतले गरीब नोकरदार होते, आणि त्यांच्याविषयीही मला दुःख वाटते. त्यांची शोकांतिका अशी की, ब्रिटिश राजवटीच्या पोलीस कायद्यातून उभे राहिलेले ते दल कलेक्टरला उत्तरदायी होते, पेठेला नव्हते; त्यांचा प्रत्येक कागद वरच्या साहेबासाठी लिहिला जात होता. आज कायदा बदलला आहे, गणवेशावरील 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद आपले आहे. तरीही कागद वरच्यासाठी लिहायची ती जुनी खोड अनेक ठाण्यांत शिल्लक आहे.

बंदोबस्ताबद्दल थोडक्यात. गड्डा यात्रा, शिवजयंती, १४ एप्रिल, गणपती, मोहरम, शिवाय आषाढीला पंढरपूर, म्हणजे सोलापूरच्या पोलिसाचे वर्ष मिरवणुकांत जाते. शांतता समितीची बैठक सणाच्या आदल्या आठवड्यात घेऊन, नेहमीच्याच प्रतिष्ठितांसोबत फोटो काढून भागत नाही. भिवंडीत १९८८ पासून सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांत सामान्य माणसे आणि शिपाई वर्षभर एकत्र बसत, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना पूर्वी दंगलींसाठी ओळखली जाणारी भिवंडी शांत राहिली. तुमच्या बीटमध्ये, म्हणजे तुमच्याकडे सोपवलेल्या भागात, कोणत्या मंडळाचा कोणावर राग आहे हे तुम्हाला सण नसताना कळले पाहिजे.

आता तुमच्या मनातला अवघड भाग. वरून फोन येईल. अमुक याचे नाव काढा, अमुक कलम लावू नका, याला सोडा. नम्रपणे "होय साहेब, लेखी मिळाले तर बरे होईल" म्हणा, आणि लेखी आले नाही तर फोनची वेळ व सूचना स्टेशन डायरीत लिहा. याची किंमत असते हे मी लपवणार नाही. नियंत्रण कक्षात किंवा कोपऱ्यातल्या शाखेत बदली होऊ शकते, मुलांची शाळा बदलावी लागते, सोबतचे लोक जेवायला बोलावणे बंद करतात. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने निश्चित कार्यकाळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी, तक्रार प्राधिकरण असे उपाय सांगितले, महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात त्यांतील काही आणले. ते पुरेसे नाहीत. तरीही डायरीतली एक नोंद पुढे चौकशीत माणसाला कशी वाचवते, हे मी पाहिले आहे. आणि आपल्या हाताखालच्या शिपायांना विसरू नका. बारा-चौदा तास उभा राहिलेला, दोन दिवस घरी न गेलेला माणूस रात्री अकराला आलेल्या फिर्यादीवर खेकसतो, तेव्हा दोष केवळ त्याच्या संस्कारांचा नसतो. ड्यूटीचा तक्ता न्याय्य लावणे हीसुद्धा अधिकाऱ्याची नीतीच आहे.

पहिल्या नेमणुकीवर हजर झालात की एक काम करा. मागच्या सहा महिन्यांचे अदखलपात्र रजिस्टर मागवून घ्या आणि निवांत वाचा. 'किरकोळ कारणावरून', 'बोलाचाली होऊन', 'समज देण्यात आली' ही वाक्ये जिथे जिथे दिसतील, त्यांपैकी काही फिर्यादींच्या घरी स्वतः जा आणि नेमके काय झाले होते ते विचारा. त्यानंतर 'अ' समरीने बंद झालेली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही अशी प्रकरणे पाहा. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवावी असे नव्या संहितेत आहे, पण बहुतेकांना आपले प्रकरण बंद झाले हेही ठाऊक नसते. ज्यांचे गंठण किंवा गाडी गेली आणि मिळाली नाही, त्यांना आपण काय काय तपासले आणि का यश आले नाही हे समोर बसून सांगा. लोक रागावतील, काही जण रडतील. बहुतेक जण चहा विचारतील. त्यांच्या गल्लीत पुढची काही घटना घडली की ते तुम्हाला फोन करतील. तुमच्या आईंनाही एखाद्या दिवशी ठाण्यात बोलवा, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवा आणि तेलुगूतून फिर्याद कशी घेतली जाते ते त्यांना ऐकू द्या.